गर्दी नसलेला किनारा

गुरुवार, संध्याकाळ. पिपरी मेघे.

कोकणात सुट्टीसाठी जे घर बघितलंय, त्याच्या मालकाला आज फोन केला. म्हणाला, "गर्दी अजिबात नाही हो, किनारा सगळा तुमचाच." हेच तर हवं होतं आम्हाला. मग डायलिसिसचं विचारलं, तर सगळ्यात जवळचं केंद्र तीन तासांवर. जिथे माणसंच येत नाहीत तिथे दवाखाना कुठून असणार? एवढं साधं मला आधी का सुचलं नाही?

ह्यांचं डायलिसिस सावंगीच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. कोकणात जायलाच दीड दिवस. पाणी मोजून पिणाऱ्या माणसाला समुद्र पाहायचाय! वाळूत चालायला रबरी चपला आणून ठेवल्यात. घरातच घालून फिरतात.

"काय म्हणते तो?" ह्यांनी विचारलं. सांगितलं. चपलांकडे बघत म्हणाले, "तू जाऊन ये न. मले फोनवर लाटा आयकवजो."

"काहीही बोलता का तुम्ही!" मी चिडलेच.

पण इथे खोटं कशाला लिहू? चिडायच्या आधी, क्षणभर, मी मनात बॅग भरली होती. तिच्यात चपलांचा एकच जोड होता. माझा.