हात पोचतो तिथवर

सोम. ४ नोव्हें.
तामलवाडीच्या यार्डात पुन्हा तमाशा. हे पाइप डिस्टिलरीचं मळीचं पाणी वाहून न्यायचे. आतून इपॉक्सी रंगाचा जाड थर हवा, नाहीतर ते आंबट पाणी लोखंड खातं नि जमिनीत मुरतं. एवढं कळायला फार डोकं लागत नाही. मॅनेजरकडं तेवढंही नाही. (अत्तरसाहेब! आधी वास येतो, मग माणूस.) म्हणे, "मॅडम, पाइपात आत कोण बघतंय?" मी बघते बाबा. त्याचाच पगार घेते.

बुध. ६
पाइपच्या तोंडाशी जाडी मोजायचा मीटर लावला. थर फस्क्लास, आरशागत. तिथंच शंका आली. ही मंडळी आणि एवढं चांगलं काम?
अत्तरसाहेबाला म्हटलं, चला आत. अडीच फुटाचा पाइप, साहेबाचं पोट तीन फुटाचं. हात जोडले मेल्यानं.

गुरु. ७
बॅटरी घेऊन मीच सरपटत गेले. हातभर थर जाड. पुढं रंगाची नुसती हूल, खाली तांबडा गंज तसाच. वाळूचा मारा करून तो काढायचा असतो, पण कष्ट कोण घेणार! नख लावलं की पापुद्रा हातात. पलीकडच्या तोंडाशी पुन्हा हातभर चकाचक. हलकट! अकरा पाइप बघितले, अकराही तसेच. सगळ्यांवर लाल खडूनं फुली. ड्रेसचे गुडघे गेले.
अत्तरसाहेब: "आधी चहा तर घ्या." त्या चहात तोंड बुडव तुझं.

शुक्र. ८
म्हातारा पेंटर शिवलिंगप्पा, त्याला फैलावर घेतलं. केस पिकले तुमचे, लाज कशी वाटत नाही? ब्रश पुसून ठेवला. मग हळूच:
"रागावू नका मॅडम. गेल्या साली तुमचा मीटर हात पोचंल तिथवरच लागायचा. आमी तेवढंच नीट करायला शिकलो."
...
खरंय. गेल्या साली एकदाही आत शिरले नाही. कपडे खराब होतात म्हणून. साहेबाला पोट आडवं येतं, मला इस्त्री आली. थू!
ते सगळे पाइप पास केल्याची माझी सही. गाडलेत तेरला. दादाच्या विहिरीलगत, बांधावरनं.

रवि. १०
एसटीनं तेर. सहीच्या कागदांची झेरॉक्स पिशवीत. दादाला सगळं सांगायचं, लाइन उकरायला लावायची, नोकरी जाऊ दे, असं ठरवून.
वहिनीनं तांब्याभर पाणी दिलं. हुंगलं, उजेडात धरलं.
"असं काय बघताय वन्सं? आपल्याच हिरीचं हाय."
प्याले. गोड लागलं. आज तरी.
तेवढ्यात दादा रानातनं आला. पाइपाचा विषय त्यानंच काढला. "समदे नको म्हणत हुते. म्या म्हनलं, आमची बाई तपासती, डोळं झाकून जाऊ द्या बांधावरनं."
पिशवी ओढून पायाशी घेतली. किती हुशारी केली यार्डात चार दिवस!
मागच्या ओट्यावर लिहितेय. दादा आत जेवायला हाका मारतोय. झेरॉक्स अजून पिशवीतच आहे.