टोकोरोआहून गायलेलं गाणं

ब्रिस्बेन, ४ जून

ती. आजीस,

कुराचा सा. न. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून पत्र.

लग्न आयटुटाकी बेटावरच ठरलं, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. रॉसची आई सगळ्यांना ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणून सांगत सुटली आहे. तुझ्या बेटावर, तुझ्या माणसांत लग्न व्हावं हा हट्ट माझा, आणि डॉक्टरांनी विमानात बसायला बंदी केली ती नेमकी तुलाच. मग हे सगळं चाललंय कशासाठी, असं रोज मनात येतं.

लग्न तुम्हाला घडत असतानाच दिसेल अशी सोय केली आहे. मामेबहीण वाइने आहे ना, ती तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावून देईल. बेट तुमच्याहून जवळजवळ एक दिवस मागे, म्हणून तुमच्याकडे तेव्हा रविवार असेल; प्रार्थना आटोपली की सगळे तिथेच बसा. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. तू नसलीस तर ते लग्न मला पुरं वाटणार नाही. तू शिवलेली तिवाएवाए, ती जास्वंदीची गोधडी, आमच्या खांद्यांवर कोण घालणार तेही कळव.

ओरडायचं तर ओरड, पण माया आटवू नकोस.

तुझी,
कुरा

टोकोरोआ, न्यूझीलंड, १९ जून

चि. कुरास,

अ. आ. इथे आता हिवाळा, सकाळी दहिवराने गवत पांढरं झालेलं असतं आणि मी खिडकीशी उभी. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की धाप लागते.

तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांग, त्या ज्याला डेस्टिनेशन म्हणतात ते माझं परसदार आहे. तुमच्या लग्नाचं ते हॉटेल उभं आहे ना, तिथे मी खेकडे पकडले आहेत. आता तिथे माझ्या नातीचं लग्न, आणि मी ते रग्बीच्या सामन्यासारखं टीव्हीवर बघायचं! मी नाही बघणार. आणि गोधडी जिने शिवली तिनेच आपल्या हाताने घालायची असते. पेटीत आहे, पेटीतच राहील.

रॉस बरा आहे ना? मागच्या खेपेला आपला टॅरोचा कंद खाताना त्याने तोंड वाकडं केलं होतं. मी विसरलेले नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आजी

ब्रिस्बेन, २ जुलै

ती. आजीस,

सा. न. तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. हॉटेलचं बुकिंग रद्द करायचं पान उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. ऑफिसात दोनदा चुकीच्या माणसाला चुकीची फाइल दिली. रॉस म्हणतो, आपण टोकोरोआला तुमच्या हॉलमध्ये लग्न करू, आजींसाठी टॅरोसुद्धा हसत हसत खाईन. तू नुसतं हो म्हण, मी सगळं मोडते.

उत्तराला उशीर लावू नकोस, जीव टांगणीला आहे.

कुरा

टोकोरोआ, १३ जुलै

चि. कुरास,

अ. आ. खबरदार काही मोडलंस तर! माझी धाकटी बहीण मेतुआ तिकडे कामाला लागली आहे, मेजवानीची डुकरं ठरवून झाली. आता लग्न हलवलं तर ती मरेपर्यंत मला ऐकवील.

गोधडी तुझ्या मामीबरोबर पाठवते. मेतुआ घालेल. वाकडी घालेल, तू सावरून घे. मी हॉलमध्ये येईन. आणि एक काळजी करू नकोस. बेटावरचे गायले की मुलीकडच्यांनी उत्तर द्यायचं, मग त्यांनी पुन्हा आपल्याला, ही आपली रीत मी मोडू देणार नाही. इकडच्या बायका रोज सरावाला येतात. मुलीकडचे मुके बसले असं कुणाला म्हणता येणार नाही.

पाठवणीला नाही, पण पाठीशी आहे,
आजी

ब्रिस्बेन, २८ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. लग्न होऊन दोन आठवडे झाले आणि तुझी एक ओळ नाही. वाइनेला विचारलं तर म्हणे तू मध्येच उठलीस, कोट चढवलास आणि कुणाशी न बोलता चालत घरी गेलीस. ती काही समजवायला आली तर तू तिच्याही तोंडावर दार लावून घेतलंस.

आजी, आमचं काय चुकलं? मी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला होता. मेतुआ आजीने गोधडी घातली, वाकडीच. रॉसला वाटतंय त्याचा भाऊ हाफपँटमध्ये आला म्हणून तू रागावलीस. बिचारा माफीचं पत्र लिहायला बसला आहे.

दोन शब्द लिही, शिव्यांचे असले तरी.

कुरा

टोकोरोआ, ९ सप्टेंबर

चि. कुरास,

अ. आ. त्या हाफपँटवाल्याला सांग, पाय चांगले आहेत, काळजी करू नकोस.

झालं ते असं. तुझ्या मागे उभे राहून बेटावरचे सुंदर गायले. संपल्याबरोबर आम्ही हॉलमधले सगळे उठलो आणि उत्तर दिलं. मला धाप लागत होती तरी पहिला सूर मीच लावला. आणि तिकडे काय? आम्ही गातोय आणि तुमचे पाद्री बोलत सुटले! कुणी मान वळवली नाही. मेतुआ, माझी सख्खी बहीण, फुलांची माळ नीट करत बसली. आम्ही शेवटपर्यंत गायलो आणि थांबलो. उत्तर नाही. माझ्याच गावाने मला दारातून परत पाठवलं असं वाटलं बघ. म्हणून उठले.

चित्र इकडे येतं, पण इकडचा आवाज तिकडे जातच नाही, हे वाइने त्याच दिवशी ओरडून सांगत होती. मला वाटलं, माझी समजूत घालतेय. परवा पुन्हा सांगितलं तेव्हा शिरलं डोक्यात. म्हातारीला हसा आता. पण खरं सांगू? कळलं तरी चैन नाही. गाणं गायलं गेलं आणि तसंच राहिलं. भांडी घासताना ते अजून घशात येतं.

हसून झालं की लिही,
आजी

ब्रिस्बेन, २६ सप्टेंबर

ती. आजीस,

सा. न. मी हसले नाही. तुझं पत्र मेतुआ आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली की आपली थोरली बहीण तेपाएरू गायली आणि आपण माळा सारख्या करत बसलो, ही लाज कुठे लपवू.

पुढच्याच रविवारी तिने चर्चमधून कुणालाच घरी जाऊ दिलं नाही. जेवणं निवतायत म्हणून पुरुष कुरकुरले, तर म्हणाली, निवू देत. सगळ्यांना बाहेर आणून तुझ्या दिशेला तोंड करून उभं केलं आणि तुमच्या गाण्याला उत्तर दिलं, पुरतं, शेवटच्या कडव्यापर्यंत. कुणीतरी रेकॉर्ड करायला फोन काढला तर तिने त्याच्या हातावर फटका मारला. म्हणे, ती आपल्याला ऐकू न जाता गायली, आपणही तसंच गायचं. म्हणून तुला पाठवायला माझ्याकडे काही नाही.

तिकडचा रविवार म्हणजे तुझा सोमवार, अठरा तारीख. तू तेव्हा काय करत होतीस?

आता तरी मला माझं लग्न पुरं झालं म्हणू दे.

तुझी,
कुरा

टोकोरोआ, ५ ऑक्टोबर

चि. कुरास व चि. रॉस यांस,

अ. आ. त्या सोमवारी मी कपडे वाळत घालत होते. ऐकू काही आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मेतुआने सूर नेहमीसारखा फार उंच धरला असणार, आणि दुसऱ्या कडव्यात बायकांची दमछाक झाल्यावर पुरुषांनी सावरून घेतलं असणार.

तिला कळव, उत्तर पोचलं. लग्न पुरं झालं. आणि हेही कळव की आता पाळी आमची आहे. आज संध्याकाळी बायकांना सरावाला बोलावलं आहे.

आजी