देवीच्या नैवेद्याला लागलेला पाय

माय, दादानं जुनं घर पाडायला काढलं. तू गेल्यापासून बंद असलेली तुझी पत्र्याची पेटी रिकामी करताना तळाशी दवाखान्याचा एक कागद निघाला, तो घेऊन तो परवा भोकरदनला माझ्याकडे आला. कागदावर माझं नाव, वय अकरा महिने, उजवा पाय, पोलिओ. मागच्या बाजूला मराठीत लिहिलंय, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, मुलीला सहा आठवडे इतर लेकरांत नेऊ नये, तिचे कपडे पिण्याच्या पाण्याजवळ धुऊ नयेत.

मी कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा अकरा महिन्यांवर अडले. तू तर सांगत आलीस, नवरात्रात मी पळत आले, देवीच्या नैवेद्याला पाय लावला आणि देवीनं तोच पाय धरला. अकरा महिन्यांचं लेकरू पळतं का गं? या दुखण्याला पोलिओ म्हणतात हे मलाही ठाऊक होतं, पण देवीनंच पाठवलेला, असं धरून चालले. कळायला लागल्यापासून मी मंगळवार करते. आधी तिची माफी, मग पाण्याचा घोट. बाळंतपणातही मोडला नाही.

दादाला म्हटलं, "मायला कुठं वाचता येत होतं? तिला काय माहीत असणार?" तो खाली बघत म्हणाला, "मीच वाचून दाखवलं व्हतं. चौथीत व्हतो. डॉक्टरनंबी दोनदा समजावलं. माय म्हणली, लागट रोग म्हणलं तर झिऱ्यावर पाणी कोण भरू देईल? देवीचं हाय म्हणायचं. बोललास तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

आणि तू म्हणालीस तसंच झालं. देवीनं धरलेलं लेकरू म्हणून बाया ओटी भरायला आल्या, मला मांडीवर घेऊन बसल्या, आपापली लेकरं माझ्या पाया पाडली. तू माझी लंगोटं ओढ्यातल्या त्या पिण्याच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला धूत राहिलीस. महिनाभरात शेजारच्या मावशीच्या लेकीचा पाय गेला. त्या लेकीला काय सांगितलं गेलं? "तू हिच्या ताटातला उष्टा नैवेद्य खाल्लास, म्हणून देवीनं तुझाबी पाय धरला."

रविवारी नातवाला डोस पाजायला नेलं, तेव्हा नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, हा पोटातून पसरतो. शौचातून पाण्यात, पाण्यातून तोंडात. बऱ्याच लेकरांना नुसता ताप येऊन जातो, कळतबी न्हाई. एखाद्याचाच पाय जातो."

"मंग चूक कुणाची असते?"

"जंतूची! लेकराची काय चूक राहील, आजी?" रांगेतल्या बाया हसल्या. नातवाच्या करंगळीला शाई लावली आणि आम्ही घरी आलो.

पायाचा दोष मी तुला देत नाही. गावानं आपल्याला झिरा बंद केला असता तर घरात पाणी कुठून आलं असतं, हेही मला कळतं. मीही घागरी वाहिल्यात. पण गावाला सांगितलेलं मला कशाला सांगितलंस? मी मोठी झाले, माझं लग्न झालं, मला लेकरं झाली. दार लावून एकदा म्हणायचं होतं, पोरी, तू काही केलं नव्हतंस. उलट दर खेपेला विचारायचीस, "उपास बराबर चाललाय ना?"

शेजारच्या मावशीची ती लेक आता तीर्थपुरीला असते. काल तिचा फोन आला. "काय गं नैवेद्य तुडवणारे, पाय काय म्हणतो? तुझ्या एका घासापायी माझा गेला बघ!" म्हणून नेहमीसारखी खो खो हसली. कागद माझ्या मांडीवर होता. सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि वाटलं, हिनं पुन्हा फोनच केला नाही तर? या वयात मला दुसरी मैत्रीण नाही.

मी म्हटलं, "देवीची मर्जी, बाई."

कागद पोथीत ठेवलाय. उद्या मंगळवार. साबुदाणा भिजत घातलेला नाही. पण तीर्थपुरीलाही अजून फोन केलेला नाही, माय.