पखवाजाची कणीक

रेणापूर, गुरुवार

जेवण गेलं नाही. ताटातली पोळी तशीच झाकून ठेवली.

लातूर जिल्हा झाला म्हणून आज शाळेच्या पटांगणात भजन होतं. पखवाजावर मी. डाव्या तोंडाला नेहमीसारखी मूठभर कणीक थापली, त्याशिवाय तो घुमत नाही. पाऊस पडू दे, कुणी उपाशी राहू नये, असं आम्ही अगदी डोळे मिटून गायलो. लोकांनी माना डोलावल्या.

भजन संपल्यावर मी कणीक खरवडत होतो. सतरंज्या झाडणारी कलाबाई जवळ आली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. हळूच म्हणाली, "गुर्जी, ती कणीक टाकून देता का? पोरगी गव्हाच्या पोळीसाठी लई रडायलीय."

चार माणसं बघत होती. मला लाज वाटली की राग आला? अजून कळत नाही. "नाही, गाईला घालतो," म्हणालो.

"हाव, बरं हाय," एवढंच बोलून ती सतरंजीची घडी घालायला लागली.

घरातून वाटीभर कणीक नेऊन दिली असती तर काय बिघडलं असतं? तेही सुचलं नाही. येताना तो गोळा उकिरड्यावर टाकला. हात दोनदा धुतले, तरी नखांत कणीक आहेच.

गाईला कुठून घालणार? आमची गाय महिन्यापूर्वीच जनावरांच्या चारा छावणीत गेली. आणि तिला तिथवर हाकत नेलं ते कलाबाईनंच.