भोरड्या तिकडेच निघाल्यात

देहूरोड, रविवार, २५ मार्च १९५६

तीर्थरूप आबांच्या पायी भैरूचा दंडवत.

मी खुशाल आहे, खानावळही बरी आहे. आज सुट्टी, म्हणून आमच्या हापिसातले उद्धवराव मला पाखरं बघायला घेऊन गेले. हसू नका, इथं दुर्बीण लावून बघतात!

इंद्रायणीकाठच्या फुललेल्या पळसावर हजारभर भोरड्या कलकलत होत्या. आपला जोंधळा फस्त करतात त्याच. उद्धवराव तासभर श्वास रोखून बसलेले. आणि मी काय करावं! टाळ्या पिटून "हाऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळी ठोकली. जन्मभर राखणीची सवय, ती जाते होय? सगळा थवा भुर्र!

मी ओशाळलो. पण आबा, तो थवा आभाळात असा वळला, गुलाबी, काळा, पुन्हा गुलाबी! इतकी वर्षं हाकलल्या, कधी बघितल्याच नाहीत.

उद्धवराव हसत म्हणाले, "राव, निघाल्याच होत्या त्या. आता हिमालयापलीकडे, आपल्या घरी." गेल्या त्या उत्तरेला, आपल्या संगमनेरच्या अंगानं.

तुमचा खांदा कसा आहे? आईचा खोकला? शिमग्याला मला रजा मिळाली नाही, वाट बघू नका.

खळ्यावर भोरड्या उतरल्या तर गोफण जरा खाली ठेवा. माझ्याकडूनच आल्या असतील.

तुमचा भैरू