तुझ्या हजेरीला मी खोटं बोललो

प्रिय दत्ता,

पत्र लिहायची सवय सुटून जमाना झाला. सीमेवरच्या पोस्टवर असताना तुझ्या आईला मीच पत्रं लिहायचो, कारण तुझं अक्षर तुला स्वतःलाही लागायचं नाही. आज तुलाच लिहितोय. रविवारी वर्तकनगरच्या हॉलमध्ये आपल्या पलटणीतले चौदा जण अठरा वर्षांनी भेटलो, आणि तिथे मी जे करून बसलो ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुला बोलवायचं काम माझ्याकडे होतं. ग्रुपवर तू नव्हतास. रोज सकाळी फुलांचे फोटो बघायला मी फौजेत गेलो नव्हतो, असं सुनावून बाहेर पडलेलास. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, दत्ता माझा बडी, त्याला मी आणतो. फोन लावला, उचलला नाहीस. मेसेज टाकला, तर दोन निळ्या खुणा आल्या. वाचलंय म्हणजे येणार, असं धरून चाललो. एवढ्यावर मी खूश झालो रे!

सुभेदार साहेबही आलेले. हात थरथरतो, आवाज मात्र तोच. बायकामुलांना त्यांनी बडी म्हणजे काय ते समजावलं. दोघांची जोडी, एक झोपला की दुसऱ्याने जागायचं, आणि एक हजेरीला नसला तर तो कुठे आहे ते दुसऱ्याने सांगायचं. मग खिशातून कागद काढून त्यांनी पूर्वीसारखी हजेरी घेतली. म्हातारे झालेले आम्ही एकेक जण उठून ‘हाजिर, श्रीमान’ म्हणत होतो.

तुझं नाव आलं. मी ताडकन उठलो, टाचा जुळवल्या आणि ठणकावून सांगितलं, “रास्ते में है, श्रीमान!”

सगळा हॉल हसला, कारण सगळ्यांना ती जुनी गोष्ट आठवली. तू स्टोअरच्या मागे घोंगडी ओढून झोपलेलास. मी साहेबांना म्हटलं, लंगर में है. आणि साहेब नेमके लंगरमधूनच चहा पिऊन आलेले! पाठीवर भरलेला पिठ्ठू घेऊन दोघांनी मैदानाला फेऱ्या मारल्या, आणि धापा टाकत तू मलाच झापत होतास, “अरे, हॉस्पिटल सांगायचं ना रे येड्या!”

हशा चालू असतानाच मागच्या खुर्चीवरून एक मुलगी उठली. तुझंच नाक, दत्ता. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेत होती.

“काका,” ती म्हणाली, “बाबा नाहीत. आठ महिने झाले. तुमचा मेसेज मी वाचलेला. असं फोनवर कसं सांगायचं, म्हणून आले.”

मी तसाच उभा होतो, टाचा जुळवून.

माझ्या डोंबिवलीहून तुझं बाळकुम किती लांब रे? ट्रॅफिक धरून दीड तास. बर्फातून चार-चार दिवस चालून पोस्ट गाठायचो आपण! तुझा फोन आलेला गणपतीच्या आधी. मी कंपनीच्या गेटवर होतो, ट्रक आत घेत होतो. म्हटलं, नंतर करू. काही दिवसांनी परत आला. तेव्हा मी जेवत होतो. जेवत होतो, दत्ता! हात धुऊन फोन करायला विसरलो.

आणि तू तरी! ‘आजारी आहे’ एवढा एक मेसेज टाकायला काय झालेलं? आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचास म्हणे. मला कोणी सांगायचं हे? हॉस्पिटल सांगायचं ना रे येड्या.

जेवताना पोरीशेजारी बसलो. तिने आपणहून सांगितलं, “आई रोज बोलायची, तुमचा तो डोंबिवलीवाला मित्र एकदा पण नाय फिरकला. बाबा जाम चिडायचे तिच्यावर. म्हणायचे, ड्यूटीवर असल तो, सुट्टी नसल भेटत.”

माझी ड्यूटी दुपारी तीनला संपते. रविवारी सुट्टी असते. तुला हे माहीत होतं, मीच तुला कौतुकाने सांगितलेलं. तरी तू वहिनींना रोज तेच सांगत राहिलास. मी जागेवर नव्हतो आणि तू पडल्या पडल्या माझी हजेरी लावत होतास! ताट बाजूला ठेवून मी सगळ्यांसमोर रडलो.

निघताना तिने पिशवी दिली, वहिनींनी पाठवलेली. सुकट. सुट्टीवरून येताना तू ट्रंकेत कपड्यांखाली लपवून आणायचास आणि अख्खी बराक नाक दाबून तुला शोधायची. बायकोने दोनदा विचारलं, करू का? मी अजून पिशवी सोडू दिलेली नाही.

साहेबांनी जाताना तो कागद पुढे केला. तुझ्या नावासमोरची जागा कोरी होती. “क्या लिखूँ?” त्यांनी विचारलं. मी कागद तसाच परत दिला. त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

पुढच्या वर्षी परत जमायचं ठरलंय. तुझं नाव गाळायचं नाही, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय. नाव पुकारलं की मी उभा राहीन, आणि खरं काय ते सांगेन. दत्ता आजारी होता, श्रीमान. त्याने दोनदा हाक मारली. त्याचा बडी दीड तासावर होता.

पण त्याआधी या रविवारी बाळकुमला येतोय. वहिनींच्या समोर बसून सांगणार आहे की माझी ड्यूटी नव्हती, मला सुट्टी होती. तू चिडशील, मला माहीत आहे. चिड. मी त्यांना सांगणारच.

तुझा
(बडी लिहायला हात धजत नाही)
शिवा