सात कोटींची मूळसंख्या

३ फेब्रुवारी
आजही नाही! ह्यांना पाणी हवं होतं. ओठ हलले, आणि बाहेर आलं "खिडकी". मी खिडकी उघडली, तर संतापून पेला ढकलला. कॉलेजात घंटा झाली तरी ज्यांचं गणित संपायचं नाही, त्यांना मेंदूच्या झटक्यानंतर साधं 'पाणी' म्हणता येत नाही.

५ फेब्रुवारी
वाचा सुधारणाऱ्या बाई आल्या. फळांची चित्रं दाखवली. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जाताना बाई म्हणाल्या, "ज्याचं वेड आहे, त्या वाटेने जा."
वेड आकड्यांचं. आणि माझा तर गणिताशी छत्तीसचा आकडा!

६ फेब्रुवारी
नणंदेला फोन केला. "दादाची लाडकी संख्या आहे ना! तुमच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांना ऐकवत होता. मला पाठ झालीय, लिहून घे. मूळसंख्या आहे म्हणे — एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. पुढची गंमत त्यालाच विचार."

७ फेब्रुवारी
शिवणाच्या टेबलावर खडूने लिहिली — ७,३९,३९,१३३. ह्यांची खुर्ची ओढून आणली. मोठ्याने वाचलं, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस."
वळले! बघत राहिले. मग डाव्या हाताने शेवटचा ३ पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.
"उरली तीही मूळ?" मान हलली. आणखी एक ३ पुसला. पुन्हा मान. पुसत पुसत ७३ वर आले, मग नुसता ७. दर वेळी मूळच! शेपूट कितीही छाटा. ७ वर बोट टेकवून म्हणाले — अगदी स्पष्ट — "मूळ."
खडूच्याच हातांनी मी डोळे पुसले. तोंड पांढरंफटक. हे हसले!

१० फेब्रुवारी
मूळ. नाही. सात. आणि पाणी — दोनदा!

१४ फेब्रुवारी
कापड बेतताना डोक्यात आलं — शेपूट छाटता येतं, मग वाढवता का नाही? खडूने सगळी संख्या पुन्हा लिहिली. शेवटी सम आकडा किंवा ५ चालणार नाही. उरले १, ३, ७, ९. शाळेतला नियम आठवला — अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला की संख्येलाही जातो. हिच्या अंकांची बेरीज अडतीस. १ जोडला तर एकोणचाळीस — तीनने भाग गेला! ७ जोडला तर पंचेचाळीस — गेला! ३ आणि ९ पाशी मात्र गाडी अडली. ह्यांना विचारलं. दोन्हींवर काट मारली. "जातो." मग आधीच्या आठ अंकी संख्येवर हात ठेवून, "सगळ्यात... मोठी." अशा जातीची हिच्याहून मोठी नाहीच!
या वयात टेबलाभोवती नाचले. शेजारीण डोकावून गेली. जाऊ दे.

१५ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना म्हणाले, "तू... आधी कधी... विचारलं का नाहीस?"
पहिलं सबंध वाक्य! आणि तेही भांडणाचं!
"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात कधी?"
ह्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून — "आता तू... बोल."
चहा गार झाला. मी बोलतच होते.